नवख्या आकाशनिरीक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री भेटलेली मंडळी नंतर फोनवर, मेसेजवर प्रश्न विचारत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातून दिसणाऱ्या आकाशाला धरून आहेत. तुम्ही परदेशात असाल तर आधी प्र. ५ वाचा, कारण तुमचा ध्रुव आमच्यापेक्षा वेगळ्या उंचीवर असेल.

१. मला एकही तारा ओळखता येत नाही. सुरुवात कुठून करू?

महिना कोणता आहे त्यावर अवलंबून. डिसेंबर ते एप्रिल असेल तर संध्याकाळी मृग शोधा. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे आणि मध्ये एका ओळीत तीन तारे, म्हणजे हरणात रुतलेला बाण. एकदा पाहिला की मृग कधी विसरत नाही. चौघांतला तांबूस तारा काक्षी, निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेषा खाली आग्नेयेकडे वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेषा उलट दिशेला नेली की आधी लालसर रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा लहानसा पुंजका.

एप्रिल ते जूनमध्ये उत्तरेला सप्तर्षी पाहा. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवला की केशरी स्वाती लागते, आणखी पुढे पांढरी चित्रा. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, पश्चिमेकडे अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीतला तारा यांचा मोठा त्रिकोण दिसतो.

एका रात्री एवढंच पुरे. पहिल्याच दिवशी तीस नावं पाठ करू पाहणारा पुढच्या महिन्यात येत नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

२. आकाश पाहायला सर्वांत चांगला काळ कोणता? आणि जायचं कुठे?

नोव्हेंबर ते एप्रिल, आणि अमावस्येच्या आसपासचे आठ-दहा दिवस. जून ते सप्टेंबर ढगांचा, तरी पावसाने उघडीप दिली की हवा इतकी स्वच्छ असते की ती रात्र सोडू नये.

चंद्राचा अडथळा किती, हे तिथीवरून कळतं. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे उत्तररात्र मोकळी. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे पूर्वरात्र मोकळी. पौर्णिमेचा सूर्यास्ताला उगवून रात्रभर राहतो, तेव्हा फक्त चंद्र आणि ग्रह पाहावेत.

जागेचं म्हणाल, तर शहराच्या उजेडापासून जितके लांब तितकं चांगलं. क्षितिजावर शहराचा पिवळट घुमट दिसत असेल तर त्या दिशेचे मंद तारे गेलेच समजा. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. विदर्भातल्या लोकांनी त्याचा लाभ जरूर घ्यावा. पण गावाकडचं घर, शेतातलं खळं, कोकणातला दिवे नसलेला किनारा हेही उत्तमच.

३. गावाला गेलो, तरी फार तारे दिसले नाहीत. माझे डोळे अधू आहेत का?

बहुधा तुम्ही मोबाइल पाहत होता. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पडद्याचा पांढरा झोत ही कमाई एका क्षणात घालवतो. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा. नकाशा वाचण्यापुरता मंद लाल उजेड डोळ्यांना फारसा बाधत नाही. आणि अंधुक गोष्ट पाहायची तर तिच्याकडे रोखून न बघता जरा बाजूला नजर ठेवा. डोळ्याच्या कडेच्या नजरेला मंद प्रकाश जास्त कळतो.

४. ‘दहा अंश वर’, ‘पाच अंश डावीकडे’ असं सांगतात. हे अंश मोजायचे कसे?

हाताने. हात पूर्ण लांब करून मूठ वळली की मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, ताणलेली वीत २० अंशांच्या थोडी वर. मुलांचा हात लहान, पण हातही आखूड, म्हणून हिशोब त्यांनाही लागू पडतो.

क्षितिज म्हणजे ० अंश आणि बरोबर डोक्यावरचा बिंदू, म्हणजे खस्वस्तिक, ९० अंश. क्षितिजापासूनच्या उंचीला उन्नतांश म्हणतात. पूर्ण चंद्र फक्त अर्धा अंश असतो, करंगळीने सहज झाकला जातो. उगवताना तो प्रचंड वाटतो तेव्हाही करंगळी धरून बघा, तेवढाच भरेल. मोठेपणा आपल्या मेंदूत असतो.

५. ध्रुव तारा सर्वांत तेजस्वी असतो ना? मग मला सापडत का नाही?

तेजस्वी नसतो, म्हणूनच सापडत नाही. ध्रुव साधारण दुसऱ्या प्रतीचा तारा आहे (प्रत म्हणजे काय, ते प्र. ९ मध्ये). त्याच्याहून ठळक तारे चाळीसच्या वर आहेत. त्याचं महत्त्व जागेमुळे. पृथ्वीचा अक्ष उत्तरेला जिथे रोखलेला आहे, त्या बिंदूच्या तो अगदी जवळ आहे. त्यामुळे सगळं आकाश फिरतं आणि तो जवळजवळ जागचा हलत नाही.

नियम सोपा: ध्रुवाचे उन्नतांश म्हणजे तुमच्या गावाचे अक्षांश. पुण्यातून तो साधारण साडेअठरा अंशांवर, नागपुरातून एकवीसवर, गोव्यातून पंधरा-साडेपंधरावर. म्हणजे उत्तर क्षितिजापासून दोन मुठी किंवा त्याहून कमी. बहुतेक लोक तो फार वर शोधतात. शहरात तर समोरची इमारतच त्याला झाकते.

सप्तर्षींच्या चौकोनातले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, जोडून ती रेषा क्रतूच्या पुढे सुमारे पाचपट वाढवली की ध्रुव येतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. तेव्हा उत्तरेला इंग्रजी एम अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा शोधा आणि तिच्या मधल्या ताऱ्यापासून उत्तर क्षितिजाकडे या.

लंडनमध्ये ध्रुव एक्कावन्न अंशांवर चढतो आणि सप्तर्षी कधी मावळतच नाहीत. त्याची किंमत म्हणून तिथे अगस्ती कधी उगवत नाही. आपल्याकडे मात्र आकाशातला हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला दोन मुठींच्या आत-बाहेर छान दिसतो. मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू (इंग्रजीत सदर्न क्रॉस) हा तारकासमूहही दिसतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ राहतो याचा हा मोठा लाभ आहे आणि त्याची जाणीव फार कमी जणांना असते.

६. गेल्या महिन्यात नऊ वाजता डोक्यावर असलेला तारा आता पश्चिमेला का सरकलाय?

पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटांत पुरी करते. आपलं घड्याळ सूर्यावर चालतं, २४ तासांचं. या चार मिनिटांच्या फरकामुळे प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याला दोन तास, वर्षाला पूर्ण चोवीस तास, म्हणजे पुन्हा होतं तिथे. म्हणून आज पहाटे चारला जे आकाश आहे, तेच दोन महिन्यांनी मध्यरात्री दिसेल.

७. तो तारा आहे की ग्रह, कसं ओळखायचं?

तारा लुकलुकतो, ग्रह सहसा स्थिर प्रकाशतो. तारा इतका दूर की त्याचा प्रकाश एका बिंदूतून येतो आणि हवेच्या थरांमध्ये हेलकावतो. ग्रहाची छोटी का होईना चकती असते, तिच्या वेगवेगळ्या भागांचा हेलकावा एकमेकांना भरून काढतो. पण क्षितिजाजवळ हा नियम फसतो. तिथे हवेचा थर जाड असल्याने ग्रहही थरथरतात आणि व्याध तर लाल-हिरवा-निळा चमकतो. दरवर्षी हिवाळ्यात ‘रंग बदलणारी वस्तू’ म्हणून जे व्हिडिओ येतात, त्यांतला बराचसा व्याधच असतो.

दुसरी खूण जागेची. सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशात एकाच पट्ट्यातून फिरतात. त्या पट्ट्याच्या मधल्या रेषेला, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाला, क्रांतिवृत्त म्हणतात. सप्तर्षींमध्ये ठळक ‘ग्रह’ दिसला तर तो ग्रह नाही. काय असू शकेल ते प्र. १७ मध्ये.

८. शुक्राची चांदणी रात्री बारा वाजता का दिसत नाही?

शुक्राची कक्षा आपल्या कक्षेच्या आत आहे. त्यामुळे आपल्याला तो सूर्यापासून फार तर ४७ अंश दूर दिसतो. सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सूर्योदयाआधी पूर्वेला, काही तासच. बुध तर २८ अंशांपलीकडे कधी जात नाही, म्हणून तो पाहिलेली माणसं कमी.

मंगळ, गुरू आणि शनी आपल्या बाहेरून फिरतात, तेव्हा ते सूर्याच्या बरोबर समोर येऊ शकतात. त्याला प्रतियुती म्हणतात. त्या सुमारास ग्रह सूर्यास्ताला उगवतो, रात्रभर दिसतो आणि सर्वांत तेजस्वी असतो. गुरूची प्रतियुती दर तेरा महिन्यांनी येते, मंगळाची दर सव्वीस महिन्यांनी. याच काळात पृथ्वी त्या ग्रहाला आतल्या मार्गाने मागे टाकते आणि ग्रह काही आठवडे उलटा चालल्यासारखा भासतो, तोच वक्री ग्रह. प्रत्यक्षात तो मागे वळत नाही.

९. ‘पहिल्या प्रतीचा तारा’ म्हणजे काय? आणि प्रत ऋण कशी असते?

प्रत म्हणजे ताऱ्याच्या दिसणाऱ्या तेजाचा आकडा. प्राचीन ग्रीक खगोलज्ञांनी सर्वांत ठळक ताऱ्यांना पहिली प्रत आणि जेमतेम दिसणाऱ्यांना सहावी दिली. म्हणून आकडा लहान तितका तारा ठळक. पुढे हे काटेकोर केलं गेलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपट फरक. त्या मापात काही तारे शून्याच्याही खाली गेले. अभिजित ० च्या आसपास, अगस्ती उणे ०.७, व्याध उणे १.५, शुक्र त्याच्या भरात उणे ४.५ च्या पुढे, पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७.

तुमच्या जागेची परीक्षा करायची असेल तर सप्तर्षी पाहा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला बिलगून चौथ्या प्रतीची अरुंधती. ती सहज दिसली तर आकाश बऱ्यापैकी अंधारं आहे.

१०. प्रकाशवर्ष म्हणजे किती वर्षं? आणि आपण पाहतो ते तारे मेलेले असतात हे खरं का?

प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. प्रकाश एका वर्षात जितका जातो तितकं, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे आठ मिनिटं वीस सेकंदांत येतो. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, व्याध ८.६ वर, अभिजित २५ वर, रोहिणी ६५ वर.

मेलेल्या ताऱ्यांची गोष्ट लोकप्रिय आहे, पण चुकीची. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि तारे लाखो ते अब्जावधी वर्षं जगतात. काही हजार वर्षांत तारा संपण्याची शक्यता फारच थोडी. काक्षी म्हातारा आहे. २०१९ च्या अखेरीस तो इतका मंदावला की लोक त्याच्या स्फोटाची वाट पाहू लागले. तो धुळीमुळे मंद झाला होता आणि पुन्हा उजळला.

११. नक्षत्र, रास आणि तारकासमूह यांत फरक काय?

तारकासमूह म्हणजे आकाशाचे पाडलेले ८८ तुकडे, जगभर मान्य. आकाशातला प्रत्येक बिंदू कुठल्या ना कुठल्या तारकासमूहात येतो, जसं महाराष्ट्रातलं प्रत्येक शेत कुठल्या ना कुठल्या तालुक्यात येतं.

नक्षत्रं आणि राशी फक्त क्रांतिवृत्ताच्या पट्ट्यात असतात. पट्ट्याचे २७ समान भाग केले की एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं (६० कला म्हणजे १ अंश), १२ समान भाग केले की एक रास ३० अंशांची. म्हणजे एका राशीत सव्वादोन नक्षत्रं. सत्तावीसच का? चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी मारायला सव्वासत्तावीस दिवस लागतात, म्हणून रोजचा एक मुक्काम.

गोंधळ होतो तो इथे: पंचांगातलं नक्षत्र हा पट्ट्याचा भाग आहे, पण बोलताना आपण त्या भागातल्या ताऱ्यांच्या आकृतीलाही नक्षत्रच म्हणतो. अभिजित, व्याध, अगस्ती हे पट्ट्यापासून दूर आहेत, म्हणून ते सत्तावीसांत नाहीत. राशीचा समान भाग आणि त्याच नावाचा तारकासमूह यांच्या सीमा जुळत नाहीत, त्याबद्दल प्र. २२.

१२. सात जूनला ‘मृग लागला’ म्हणतात. मग त्या रात्री मृग दिसत का नाही?

माझा सर्वांत आवडता प्रश्न. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. सूर्य जिथे आहे तिथले तारे दिवसा त्याच्याबरोबरच उगवतात आणि मावळतात, मग दिसणार कसे? मृग पाहायचा तर बरोबर सहा महिने थांबा. डिसेंबरच्या मध्याला सूर्य समोरच्या बाजूला गेलेला असतो आणि मृग सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवून रात्रभर दिसतो.

पावसाची सगळी नक्षत्रं अशीच सूर्याची आहेत. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो: मृग, मग २१-२२ जूनच्या सुमारास आर्द्रा, पुढे पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त, ज्याला शेतकरी हत्ती म्हणतात. ताऱ्यांमुळे पाऊस पडत नाही. पण सूर्याची ती जागा म्हणजे वर्षातली एक ठरावीक वेळ, आणि चांद्र महिने मागेपुढे होत असताना पेरणीसाठी असं सौर कॅलेंडर हाताशी असणं मोलाचं होतं. पंचांगात नक्षत्रापुढे दिलेलं बेडूक, म्हैस, उंदीर वगैरे ‘वाहन’ मात्र आकाशात कुठेही नाही. त्यावरून पावसाचा अंदाज बांधू नये.

१३. मराठी महिन्यांचा आकाशाशी काही संबंध आहे का?

थेट आहे. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याचं नाव. चैत्रात चित्रेजवळ, कार्तिकात कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगाजवळ, माघात मघेजवळ. हनुमान जयंतीला चंद्राच्या आसपास एक पांढरा ठळक तारा दिसतो, ती चित्रा. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्राजवळ कृत्तिका शोधा. चंद्रप्रकाशात त्या बुजतात, पण द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) दिसतात.

दरवर्षी जागा तंतोतंत जुळणार नाही. बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा दिवस कमी, आणि ती तूट साठली की अधिक महिना येतो. त्यामुळे चंद्र एखादं नक्षत्र अलीकडे-पलीकडे असू शकतो.

१४. संकष्टीला मुंबईचा चंद्रोदय वेगळा आणि नागपूरचा वेगळा. चंद्र तर एकच आहे ना?

चंद्र एकच, क्षितिजं दोन. नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे नागपूरकरांना चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी दिसतो. घड्याळ देशभर एकच असल्याने हा फरक छापील वेळेत उतरतो. अक्षांशांमुळे त्यात थोडी भर किंवा घट होते. तुमच्या कॅलेंडरवर मुंबईची वेळ असेल आणि तुम्ही अमरावतीत असाल, तर उपास थोडा लवकर सोडायला हरकत नाही.

संकष्टीचा चंद्र रात्री इतक्या उशिरा का? चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेला सरकतो, म्हणून रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्यास्ताबरोबर, चतुर्थीला तीनेक तासांनी. तिथीचं मापही यातूनच आलं आहे: चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून तिथी कधी चोवीस तासांहून लहान, कधी मोठी.

१५. दर अमावस्येला आणि पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?

चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावस्यांना चंद्र सूर्याच्या जरा वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावस्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ घडली तरच ग्रहण. असे हंगाम वर्षातून साधारण दोनदा येतात.

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी खुशाल पाहा. सूर्यग्रहण प्रमाणित सौर चष्म्याशिवाय कधीही नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काही सुरक्षित नाही. २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाची खग्रास स्थिती इजिप्तमधल्या लक्झरसारख्या ठिकाणांहून दिसेल. महाराष्ट्रातून ते खंडग्रास आहे, ढगांनी वाट दिली तर. आणि हो, ग्रहणात जेवायला, पाणी प्यायला काही हरकत नाही. गरोदर बायकांनाही नाही.

१६. उल्का, अशनी, लघुग्रह, धूमकेतू: सगळं एकच का?

नाही. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे खडकाळ तुकडे, बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधले. धूमकेतू बर्फ आणि धुळीचा, सूर्याजवळ आला की वाफ आणि धूळ सोडतो, तीच शेपटी. तो आकाशात सर्रकन जात नाही, दिवसेंदिवस जागा बदलत राहतो. हॅलेचा १९८६ मध्ये आला होता, पुन्हा २०६१ मध्ये येईल.

अवकाशातला कण वातावरणात शिरून क्षणभर प्रकाशतो ती उल्का, बहुतेकदा वाळूच्या कणाएवढी. जळून उरलेला दगड जमिनीवर पोहोचला तर तो अशनी. तो फार मोठा असला तर काय होतं हे बुलढाणा जिल्ह्यात लोणारला पाहता येतं. बेसॉल्टच्या कातळात आघाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, जगात दुर्मीळ. चंद्रावरचे सखल भागही बेसॉल्टचेच, म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. कड्यावर उभं राहून खाली तळं पाहा, मग त्याच रात्री दुर्बिणीतून चंद्र पाहा. याहून चांगला धडा मला माहीत नाही.

उल्कावर्षावांपैकी ऑगस्टमधला ययाती तारकासमूहाचा प्रसिद्ध आहे, पण आपल्याकडे तेव्हा ढग. आपल्यासाठी १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुनेचा वर्षाव सर्वांत चांगला. दुर्बीण नको, चटई आणि स्वेटर हवा. रात्री दहानंतर आडवे पडा आणि सगळं आकाश नजरेत घ्या.

१७. काल एक तारा आवाज न करता सरकत गेला आणि मध्येच विझला. काय असेल?

उपग्रह, आणि फार ठळक असेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला पृथ्वीची फेरी करतं. आपल्याकडे अंधार झाला तरी तितक्या उंचीवर ऊन असतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की ते विझतं. एका ओळीत माळेसारखे जाणारे ठिपके म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह. लाल-हिरवे दिवे उघडझाप करत असतील तर विमान.

१८. मुलाला दुर्बीण घ्यायची आहे. कोणती घेऊ?

आधी एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी काढा. मग द्विनेत्री घ्या, ७×५० किंवा १०×५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तिच्यातून चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांमधले डझनावारी तारे आणि मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) दिसतो. हात हलतात, म्हणून खुर्चीच्या पाठीला किंवा भिंतीला टेका.

त्यानंतरही आवड टिकली तर दुर्बीण. खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेलं दिसलं की ती ठेवून द्या. दुर्बिणीची खरी ताकद भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासात असते. उपयोगी वर्धन व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंतच, म्हणजे ६० मिमीला फार तर १२० पट. त्यापुढे फक्त मोठा अंधुक डाग. लटपटणारं तिपाई असलेली महाग दुर्बीण माळ्यावर जाते. घट्ट बैठकीची साधी दुर्बीण वापरली जाते.

काही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) बसवायचा सूर्याचा काळा फिल्टर येतो. तो उष्णतेने तडकू शकतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. तो फेकून द्या.

शक्य असेल तर घेण्याआधी एखाद्या आकाशप्रेमी मंडळाच्या दुर्बिणीतून पाहून घ्या. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबई-ठाण्याकडे खगोल मंडळ आहे.

१९. फोटोत रंगीबेरंगी दिसणारी दीर्घिका दुर्बिणीतून राखाडी का दिसते?

कॅमेरा मिनिटं-तास प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. शिवाय मंद उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत. देवयानी ही दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह, तुम्हाला धुरकट लांबट ठिपक्यासारखीच दिसेल. पण तो प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघाला आहे आणि तुमच्या डोळ्यात येऊन थांबतो आहे. हे समजून पाहिलं की राखाडी ठिपका पुरतो. शनीची कडी मात्र निराश करत नाहीत. मार्च २०२५ मध्ये त्यांची फक्त कड आपल्याकडे होती, म्हणून काही काळ बारीक दिसतील, पुढे वर्षागणिक उघडत जातील.

२०. शून्य सावलीचा दिवस माझ्या गावी कधी?

महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून इथल्या प्रत्येक गावावरून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावरून जातो. मेच्या सुरुवातीला सिंधुदुर्गातून हा दिवस निघतो आणि उत्तरेकडे सरकतो: पुणे-मुंबईला मेच्या मध्याला, नागपूरला शेवटच्या आठवड्यात. परतीची फेरी जुलै-ऑगस्टमध्ये, बहुधा ढगांतच. वेळ घड्याळाच्या बाराची नसते. पुण्यात ती साडेबाराच्या सुमारास येते. बाटली उभी करून सावली तळाखाली जाताना पाहा.

२१. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं ना? मग पुस्तकात २१-२२ डिसेंबर का?

सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच, उगवतीची जागा रोज पाहिली तर डोळ्यांना कळतं. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि आपल्या राशी ताऱ्यांना बांधलेल्या आहेत. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन गोष्टी एकाच वेळी घडत.

पृथ्वीचा अक्ष अगदी सावकाश गोल फिरतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं. याला परांचन म्हणतात. त्यामुळे ऋतू ताऱ्यांच्या संदर्भात दर ७२ वर्षांनी एक अंश सरकतात. साठलेला फरक आता सुमारे २४ अंश आहे, पंचांगात तो अयनांश म्हणून दिलेला असतो. म्हणूनच संक्रांतही हळूहळू पुढे जाते आहे, कधी १४ तर कधी १५ जानेवारीला येते. ध्रुवाचं पदही याच कारणाने कायमचं नाही. काही हजार वर्षांनी दुसरा तारा त्या जागी असेल.

२२. तेरावी रास सापडली, आता माझी रास बदलली का?

नवीन काही सापडलं नाही. १९३० मध्ये तारकासमूहांच्या सीमा आखल्या तेव्हा क्रांतिवृत्ताचा एक भाग भुजंगधारी नावाच्या तारकासमूहात गेला. सूर्य साधारण ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर तिथे असतो, वृश्चिकेत जेमतेम आठवडाभर. राशी मात्र बारा समान भागच राहतात, जसं प्र. ११ मध्ये सांगितलं. आणि ग्रह-ताऱ्यांच्या जागांवरून माणसाचा स्वभाव किंवा नशीब कळत नाही, मग रास कोणतीही असो.

२३. बाळाच्या नावाने तारा विकत घेता येतो का?

पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारे आहेत, पण ते नाव कुठलाही खगोलशास्त्रज्ञ वापरत नाही. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि ती विकत नाही. २०१९ मध्ये या संघाने देशोदेशींकडून नावं मागवली तेव्हा भारताने सुचवलेलं ‘बिभा’ हे नाव एका ताऱ्याला मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ, आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’. बाळासाठी काही करायचंच असेल तर त्याच्या वयाइतक्या प्रकाशवर्षांवरचा तारा दाखवा. नवव्या वाढदिवसाच्या सुमारास व्याध चालेल, पंचविसाव्याला अभिजित: त्याच्या जन्माच्या वेळी तिथून निघालेला प्रकाश त्या रात्री पोहोचतो.